पायाची जखम भरेपर्यंत बाबांचा स्टेंट थांबू शकतो का?

पत्र

माझे वडील 61 वर्षांचे. इचलकरंजीत 40 वर्षं यंत्रमागावर काम केलं. बीपी आणि शुगर दोन्ही आहे. बीपीची गोळी 'आता बरं वाटतंय' म्हणून दिवाळीपासून बंद केली होती, हे आम्हाला आत्ता कळलं. 9 दिवसांपूर्वी पहाटे खांद्यांच्या मधोमध, पाठीत, चिरल्यासारखी कळ आली. जवळच्या दवाखान्यात गॅसचं इंजेक्शन दिलं. दुपारी कोल्हापूरला नेलं, तिथे सीटी अँजिओत 'टाइप बी डिसेक्शन' निघालं. आयसीयूत ड्रिपवर बीपी खाली आणला, दुखणं थांबलं. पहिल्या दिवशी म्हणाले स्टेंट घालावा लागेल. आता म्हणतात थांबू या, कारण उजव्या अंगठ्याखालच्या जुन्या जखमेत पू झालाय, ताप येतोय आणि रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतूंच्या तपासणीत) 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' हा जंतू आलाय. मामा म्हणतात, वेळ काढतायत, पुण्याला हलवा. भाऊ (वय 34) म्हणतो, स्टेंट जमत नसेल तर सरळ ऑपरेशन करून टाका. थांबण्यात बाबांचा जीव तर जाणार नाही ना? आणि बाबा रोज विचारतात, "ती नळी कशाची असते गं?" मला सांगता येत नाही.
— एक मुलगी, इचलकरंजी

उत्तर

ताई,

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी आपलं फोनवर बोलणं झालं. माणूस आयसीयूत असताना सदर छापून यायची वाट कोण बघणार? पण तेव्हा तुम्ही जिन्यात उभ्या होता, मागे लिफ्टची घंटा वाजत होती, आणि बाबांच्या नळीच्या प्रश्नापर्यंत आपण पोचलोच नाही. शिवाय हेच प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतं. म्हणून तुमच्या परवानगीने, ओळख झाकून, सगळं नीट लिहिते.

तुमचे डॉक्टर थांबलेत ते बरोबर थांबलेत. त्यांच्या जागी मी असते तर मीही थांबले असते. मात्र हे थांबणं अटींवरचं आहे, आणि त्या अटी तुम्हाला तोंडपाठ असायला हव्यात. त्याकडे येतेच.

आधी डिसेक्शन म्हणजे काय ते. जुन्या कोटाच्या बाहीचं अस्तर फाटलेलं असलं की घालताना हात बाहीत जायचा तो अस्तर आणि कापड यांच्या मधे शिरतो, तसं हे. महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. तिच्या भिंतीला तीन पदर असतात. आतला पदर फाटला की हृदयाकडून जोरात येणारं रक्त मधल्या पदरात घुसतं आणि पदर सोलत खाली जातं. एकाच नळीत दोन वाटा होतात, एक खरी, एक खोटी. हृदयालगतचा, वर चढणारा भाग यात सापडला तर तो टाइप ए. तिथे तासागणिक धोका वाढतो आणि ताप असो वा नसो, बहुतेक वेळा छाती तातडीने उघडावीच लागते. बाबांचा टाइप बी. म्हणजे डाव्या हाताची रक्तवाहिनी फुटते त्याच्या पुढे, पाठीच्या कण्यालगत खाली उतरणाऱ्या भागातला. यात गुंतागुंत नसेल तर पहिला उपचार औषधांचाच असतो: वरचा बीपी 100 ते 120 च्या दरम्यान, नाडी मिनिटाला 60 च्या आसपास किंवा खाली, आणि दुखणं अजिबात नाही. बाबांना पहिल्या रात्रीपासून हेच मिळतंय. स्टेंट, म्हणजे फाटलेली जागा आतून झाकणारी नळी, पडला नाही म्हणजे उपचार सुरू झाले नाहीत, असं मामांना वाटतंय. ते तसं नाही.

मामांना आणखी एक गोष्ट सांगा. पहिल्या 14 दिवसांत सोललेला पदर ओल्या कागदासारखा असतो. स्टेंटच्या टोकाने तो वरच्या अंगाला आणखी फाटू शकतो, आणि तसं झालं तर टाइप बीचा टाइप ए होतो. म्हणून ज्याला गुंतागुंत नाही अशा माणसाला स्टेंट घालायचा ठरलाच, तर बरेच सर्जन दोन आठवडे उलटल्यानंतरची आणि तीन महिन्यांच्या आतली वेळ निवडतात. युरोपात 'इन्स्टेड' नावाचा एक अभ्यास झाला होता. गुंतागुंत नसलेल्या 140 रुग्णांपैकी काहींना नुसती औषधं, काहींना औषधं आणि स्टेंट. दोन वर्षांनी बघितलं तर जगण्यात फरक नव्हता. पाच वर्षांनी बघितलं तेव्हा स्टेंटवाल्यांमध्ये महाधमनीमुळे होणारे मृत्यू कमी दिसले. बाबांना स्टेंटचा फायदा आहे, पण तो पुढच्या वर्षांमधला फायदा आहे. तीन-चार आठवडे उशीर झाल्याने तो हातचा जात नाही. रक्तात जंतू असताना नळी घातली तर मात्र तो जाऊ शकतो.

आता बाबांचा प्रश्न. मला तो सगळ्यात आवडला, आणि त्याचं उत्तर त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

ती नळी कापडाची असते. खरोखरच्या कापडाची. तिचं पूर्ण नाव स्टेंट ग्राफ्ट, थोडक्यात ग्राफ्ट. बऱ्याच ग्राफ्टमध्ये विणलेलं पॉलिस्टर असतं, काहींमध्ये टेफ्लॉनच्या जातीचा पातळ पापुद्रा असतो, आणि त्याला निकेल-टायटॅनियमच्या तारेच्या कड्यांचा सांगाडा शिवलेला असतो. अमेरिकेत ह्युस्टनच्या मायकेल डीबेकी या सर्जनची गोष्ट बाबांना सांगा. 1950 च्या दशकात ते कृत्रिम रक्तवाहिनीसाठी नायलॉनचं कापड आणायला दुकानात गेले. नायलॉन संपलं होतं, दुकानदाराने डेक्रॉन दिलं. डेक्रॉन म्हणजे आपलं पॉलिस्टर. घरी बायकोच्या शिवणयंत्रावर त्यांनी त्याच्या नळ्या शिवल्या, आणि त्या कापडाने पुढे जगभर माणसं वाचवली. 2005 च्या अखेरीस, वयाच्या 97 व्या वर्षी, त्यांनाच डिसेक्शन झालं. 2006 मध्ये ऑपरेशन होऊन तेच कापड त्यांच्या छातीत बसलं आणि ते 2008 पर्यंत जगले. छाती न उघडता, जांघेतल्या रक्तवाहिनीतून कापडाची नळी मिटवून वर नेऊन आत उघडायची, हे पुढचं पाऊल. खार्किवच्या निकोलाय वोलोदोस यांनी ते 1987 मध्ये छातीतल्या महाधमनीसाठी करून दाखवलं.

मागावर 40 वर्षं काढलेल्या माणसाला ताणा-बाणा समजवायला नको. कापड कितीही घट्ट विणलं तरी दोन धाग्यांमध्ये फट राहते, आणि मागाचं तेल एकदा सुतात मुरलं की तो डाग धुऊन निघत नाही, हे बाबा जाणतात. जंतूंचंही तसंच. रक्तातला जंतू कापडाला चिकटला की स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतो. पाण्याच्या रांजणाला आतून बोट लावलं की हाताला लागतो ना, तसा. त्या थराच्या आत प्रतिजैविक नीट पोचत नाही. शरीराच्या स्वतःच्या भिंतीला रक्तपुरवठा असतो, पांढऱ्या पेशी तिथवर चालत जातात. कापडाला तो नसतो. म्हणून एरवी दोन आठवड्यांत जाणारा जंतू कापडावर बसला की महिनोन्महिने, कधी आयुष्यभर, पाठ सोडत नाही. ग्राफ्ट काढून टाकणं हा उपाय आहे, पण छातीतल्या महाधमनीतून तो काढणं हे आमच्या क्षेत्रातल्या सगळ्यात अवघड ऑपरेशनांपैकी एक आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शेतकरी रुग्णाला आम्ही स्टेंट घातला होता. गुंतागुंत नव्हती, घाई नव्हती. मांडीच्या मुळाशी एक गळू होतं, अंगावर ताप होता. नातेवाईक रोज विचारायचे, 'कधी करताय?', आणि आम्ही त्या रेट्याला बळी पडलो. मी त्या टेबलापाशी उभी होते. सात आठवड्यांनी ते परत आले, पाठ दुखतेय, संध्याकाळी कणकण, वजन उतरलंय. सीटीत ग्राफ्टभोवती हवेचे बारीक बुडबुडे दिसले. काळ्या टिकल्या टिकल्या. जंतूंनी केलेला वायू. पुढचे चार महिने त्यांनी सलाइनच्या सुईसोबत काढले आणि ते वाचले नाहीत. तेव्हापासून मी स्टेंटच्या आधी प्रत्येकाची चादर स्वतः बाजूला करून जांघा बघते. गळू, ओला नायटा, खाजवून सोललेली कातडी, काहीही असलं तरी आधी ते बरं करते. नळी शिरते ती तिथूनच. तुमच्या बाबांची जांघ कुणी बघितलीय का, हे राऊंडला जरूर विचारा. शुगरच्या माणसांना तिथे बऱ्याचदा नायटा असतो आणि लाजेपोटी ते सांगत नाहीत.

आता अटी. पुढचं काहीही झालं तर थांबणं संपलं: पाठीतली किंवा छातीतली कळ परत येणं, चार-चार औषधांवरही बीपी न उतरणं, एक पाय गार, फिकट किंवा बधिर पडणं, पोटात सतत दुखणं किंवा शौचातून रक्त, लघवी अचानक कमी होणं, पायांतली ताकद जाणं, पुन्हा केलेल्या सीटीत महाधमनी फुगलेली किंवा तिच्याबाहेर रक्त दिसणं. याचा अर्थ खोट्या वाटेने खऱ्या वाटेला दाबलंय, नाहीतर भिंत फुटायला आलीय. अशा वेळी कल्चरच्या रिपोर्टची वाट बघत नाहीत. प्रतिजैविकांच्या छत्राखाली त्याच रात्री स्टेंट घालतात, आणि संसर्गाशी नंतर लांबपर्यंत लढतात: किमान सहा आठवडे, बहुधा जास्त, कुणाकुणाला कायमची गोळी. तो पत्करलेला धोका असतो, कारण समोर त्याहून मोठा धोका उभा असतो. त्यामुळे 'परवा नाही म्हणालात आणि आज घालताय?' असं डॉक्टरांना विचारायची वेळ आली, तर उत्तर यातच आहे.

भावाला सांगायचं ते थोडक्यात सांगते. छाती उघडून ऑपरेशन केलं तरी तिथे सहसा कापडच शिवतात. जंतूंचा प्रश्न तसाच राहतो, वर मोठ्या ऑपरेशनचा ताण. दान केलेल्या देहातून जतन केलेली मानवी रक्तवाहिनी जंतूंना जास्त दाद देत नाही, पण ती सहज मिळत नाही आणि ते संसर्ग महाधमनीतच असेल तेव्हाचं काम आहे. बाबांच्या बाबतीत तसं दिसत नाही. तरी 'महाधमनीची भिंत स्वतः संसर्गित आहे का?' हा प्रश्न सर्जनला थेट विचारा. कधी कधी स्टॅफिलोकॉकस किंवा साल्मोनेला भिंतीतच घर करतो, आपल्याकडे क्षयरोगाचे जंतूही करतात, आणि वरवर ते दुखणं डिसेक्शनसारखंच वाटतं. सीटीवर भिंतीभोवती सूज, हवा किंवा एका बाजूला आलेला फुगा दिसला तर सगळा बेतच बदलतो. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टच्या फोटोत असं काही लिहिलेलं नाही. तरी तो सीटी पहिल्या दिवसाचा आहे. स्टेंटच्या आधी नवा होईलच.

म्हणजे आत्ता खरी लढाई पायाची आहे. रक्तात हा जंतू सापडला की तीन गोष्टी व्हायला हव्यात, झाल्यात का ते विचारा. जखम उघडून पू आणि मेलेलं मांस काढणं, आणि हाडापर्यंत गेलंय का ते बघणं. हृदयाच्या झडपांवर जंतू बसलेत का हे पाहायला इको. आणि कल्चर पुन्हा पुन्हा करणं, रक्त स्वच्छ येईपर्यंत. दिवस मोजायचे ते पहिलं स्वच्छ कल्चर आल्यापासून, प्रतिजैविक सुरू केल्याच्या तारखेपासून नव्हे. झडपांवर किंवा हाडात काही नसेल तरी किमान 14 दिवस शिरेतून औषध जातं, असेल तर चार ते सहा आठवडे किंवा त्याहून जास्त. स्टेंटची नेमकी तारीख तुमचे सर्जन आणि संसर्गतज्ज्ञ मिळून ठरवतील. हे दोघं एकमेकांशी बोलतायत ना, एवढं तुम्ही बघा.

पायाकडे लक्ष द्यायला आणखी एक कारण आहे, जे फार कमी नातेवाइकांना सांगितलं जातं. ताप आणि जंतू नाडी पळवतात, आणि पळणारी नाडी सोललेल्या पदरावर दर ठोक्याला हातोडा मारते. उलट संसर्ग फार वाढून बीपी कोसळला तर नाडी आवरायचं औषध बंद करावं लागतं. दोन्हीकडून महाधमनीच कचाट्यात सापडते. पायातला पू काढणं हा महाधमनीवरचाही उपचारच आहे.

नुसता ताप दिसला म्हणून मात्र दर वेळी धास्ती घेऊ नका. डिसेक्शननंतर भिंतीला सूज येते, छातीत थोडं पाणी होतं, त्यानेही ताप येतो आणि पांढऱ्या पेशी वाढतात. स्टेंट घातल्यावर पहिले काही दिवसही येतो, शरीर नव्या कापडावर चिडतं म्हणून, जंतू नसताना. कल्चर स्वच्छ असेल तर तो आपसूक उतरतो.

आता एक गोष्ट कागदावर मोठ्या अक्षरात लिहून बाबांच्या फाइलला डकवा: सिप्रोफ्लोक्सासिन, लेव्होफ्लोक्सासिन, ओफ्लोक्सासिन नको, दुसरा पर्याय नसेल तरच. या जातीच्या प्रतिजैविकांनी महाधमनी फुगण्याचा आणि फाटण्याचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर 2018 मध्ये दिला. आणि आपल्याकडे जुलाब लागले की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय जी गोळी येते, तिच्यात बहुतेक वेळा ओफ्लोक्सासिनच असतं. रुग्णालयातले डॉक्टर जपतील. मला काळजी आहे ती सहा महिन्यांनंतरची, घरी, लघवीच्या जळजळीची किंवा बिघडलेल्या पोटाची. गल्लीतल्या मेडिकलवाल्यालाही हा कागद दाखवून ठेवा.

पुण्याला हलवायचं का? माणूस हलवण्याआधी सीटीची सीडी हलवा. ती पाठवून दुसऱ्या सर्जनचं मत एका दिवसात मिळतं आणि तुमचे डॉक्टर त्याने दुखावत नाहीत. दुखावले तरी मागा. कोल्हापूर ते पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे. बीपीची ड्रिप चालू ठेवून, सोबत डॉक्टर असलेल्या कार्डियाक अँब्युलन्समधून नेता येतं, पण त्यासाठी कारण हवं: इथे हे स्टेंट नियमित घालणारा सर्जन नसणं, किंवा रात्री-अपरात्री गरज पडली तर ग्राफ्ट मिळायची सोय नसणं. हा दुसरा प्रश्न आजच विचारा. बाबांच्या मापाचा ग्राफ्ट किती तासांत हजर होईल? उत्तर 'दोन दिवस' असेल, तर मामांचं म्हणणं मला पटेल.

खर्चाचं तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण फोनवर तुमचा आवाज त्याच शब्दाशी अडखळला. नुसता ग्राफ्टच काही लाखांचा असतो. थांबल्यामुळे मिळालेले दिवस यासाठी वापरा. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते लेखी विचारा, मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज भरा, आणि रुग्णालय धर्मादाय असेल तर निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी राखीव खाटांची चौकशी समाजसेवा विभागात करा. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा मोफत आणि 10 टक्के सवलतीत द्याव्या लागतात.

बाबांसाठी तुम्ही स्वतः करू शकता ते असं. शौचाला कुंथू देऊ नका. इसबगोल किंवा डॉक्टर देतील ते रोज द्या. मिश्री असेल तर आता सुटलीच पाहिजे. दात किडलेले, हिरड्या सुजलेल्या असतील तर याच दिवसांत दंतवैद्याला दाखवा, कारण नळी बसल्यावर तोंडातला जंतूही परवडणार नाही. आणि जखमेवर हळद, राख, कुणी सांगितलेला पाला, काहीही नको. घरी आल्यावर बाथरूमला जातानासुद्धा पायात चप्पल.

स्टेंटनंतर सीटी साधारण एका महिन्याने, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग दर वर्षी. तो चुकवायचा नाही. मधल्या काळात आठवडाभर कणकण आणि पाठदुखी, किंवा उलटीतून थोडंसं जरी रक्त आलं, तर सकाळ व्हायची वाट न बघता जायचं.

बीपीच्या गोळीबद्दल स्वतःला किती दोष देताय ते फोनवर कळलं. गोळी बाबांनी बंद केली, आणि बरं वाटतंय म्हणून बंद केली. अर्धा महाराष्ट्र असाच बंद करतो. इथून पुढे ती डबी तुमच्या हातात असू द्या.

आणि भाऊ 34 चा आहे म्हणता. बाबांना भेटायला येईल तेव्हा त्याच मजल्यावरच्या सिस्टरकडून त्याचा बीपी मोजून घ्या, तुमचाही घ्या. पुढच्या महिन्यात दोघांनी एकेक इको करून घ्या. जवळच्या रक्ताच्या नात्यात महाधमनी कधी कधी आधीपासूनच रुंद असते. बाबांना माझा नमस्कार सांगा. आणि त्यांना म्हणावं, विणलेलं पॉलिस्टर आहे, तुमच्या ओळखीचं.